‘कुमुदिनी’ : तळे, वेल आणि फूल

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर कासचे पठार आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे फुलणाऱ्या रानफुलांमुळे त्याची कीर्ती सर्वदूर पसरली असून, पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत कासचीही गणना होते. या मुख्य पठारापासून जुन्या राजमार्गाने तीन-चार किलोमीटर पायी गेले असता पावसाच्या पाण्यावर भरणारे एक उथळ तळे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्याचा पृष्ठभाग वाटोळ्या हिरव्या पानांनी आणि पांढऱ्या फुलांनी झाकून जातो. हे तळे ‘कुमुदिनी तळे’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि दरवर्षी असंख्य लोक केवळ या फुलोऱ्यासाठी ती पायपीट करतात.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या तळ्याचे सौंदर्य हा नसून त्याचे नाव हा आहे. वरवर पाहता हे नाव अगदी सरळ वाटते: कुमुदिनी नावाचे फूल ज्यात फुलते ते कुमुदिनी तळे. परंतु या अर्थात दोन अडचणी आहेत. एक तर तेथे फुलणारे फूल संस्कृत कवींना व कोशकारांना अभिप्रेत असलेले कुमुद नव्हे. दुसरे असे की, ‘कुमुदिनी’ हे मुळात फुलाचे नावच नव्हते. ते जागेचे नाव होते. या दोन गोष्टींचा उलगडा झाला म्हणजे एक शब्द तळ्यावरून वेलीवर, वेलीवरून फुलावर आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर कसा सरकत जातो, याचे एक स्वच्छ उदाहरण अभ्यासकाच्या हाती लागते. त्याचबरोबर, वनस्पतींची लोकनामे गोळा करताना आपण नेहमी कोठे फसतो, हेही कळून येते.

१. तीन वनस्पती, एक रूप

प्रथम पाण्यातील वस्तुस्थिती पाहू. आपल्याकडील तळ्यांत पाण्यावर पाने पसरणाऱ्या ज्या देखण्या वनस्पती आढळतात, त्यांपैकी तीन गटांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले कमळ, म्हणजे नेलुंबो न्यूसिफेरा. याचे पान अखंड वाटोळे असते, त्याचा देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असतो आणि वाढलेली पाने व फुले पाण्याच्या बरीच वर उभी राहतात. पानावर पडलेले पाणी ठरत नाही. फुलाच्या मध्यभागी झारीच्या तोंडासारखा दिसणारा बीजकोश असतो.

दुसरा गट उत्पलांचा, म्हणजे निम्फिया या प्रजातीचा. इंग्रजी परिचयामुळे आज ज्याला सर्रास ‘वॉटर लिली’ म्हटले जाते ते हे फूल. याची पाने पाण्यावर पडून तरंगतात आणि देठाशी त्यांना खोल खाच असते. पाकळ्या पुष्कळ असून प्रत्येक फूल चिखलातील कंदापासून निघालेल्या स्वतंत्र देठावर येते.

तिसरा गट निम्फॉइडिस या प्रजातीचा, आणि कासच्या तळ्यातील वनस्पती याच गटातील निम्फॉइडिस इंडिका ही होय. पान उत्पलाच्या पानासारखेच तरंगते व खाचेचे असते. परंतु फूल लहान, बहुधा पाच पाकळ्यांचे, मध्ये पिवळे आणि पाकळ्यांवर दाट पांढऱ्या तंतूंची झालर असलेले असते. फुलांचा झुबका पानाच्या अगदी खाली, त्याच दांड्यावर येतो. त्यामुळे फूल पानाच्या सांध्यातूनच उगवल्यासारखे दिसते. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी काठावर उभे राहून उत्पल आणि निम्फॉइडिस यांतील भेद ओळखता येतो.

या तिघांचे परस्परांशी नाते किती? दिसण्यावरून वाटते त्याहून पुष्कळच कमी. लिनीअसने १७५३ मध्ये कमळालाही निम्फिया प्रजातीतच बसविले होते. १७६३ मध्ये आदांसाँ याने ते वेगळे केले, तरी त्यानंतरही दीर्घकाळ दोघांना एकाच कुळात ठेवण्याची प्रथा राहिली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जनुकीय पुराव्याच्या आधारे वर्गीकरणाची फेरमांडणी झाली, तेव्हा उत्पले सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी एकीत राहिली आणि कमळ त्यांच्यापासून फार दूर, प्रोटिएलीज या गणात गेले. निम्फॉइडिस तर सूर्यफूल ज्या गणात मोडते त्या गणातील आहे. म्हणजे कासच्या तळ्यातील फूल हे वंशदृष्ट्या कमळापेक्षा किंवा कुमुदापेक्षा सूर्यफुलाला अधिक जवळचे होय. पाण्यातील एकसारख्या राहणीमुळे निरनिराळ्या कुळांतील वनस्पतींना एकसारखे रूप आले आहे, इतकेच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘निम्फॉइडिस’ या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘निम्फियासारखे’ असा आहे. मराठी बोलणाऱ्याने या फुलाला कुमुदिनी म्हटले ते साम्यावरून; युरोपीय शास्त्रज्ञाने त्याला निम्फॉइडिस म्हटले तेही साम्यावरूनच. फरक इतकाच की, शास्त्रीय नावाने ‘सारखे’ हा प्रत्यय शिल्लक ठेवला आणि लोकव्यवहाराने तो ठेवला नाही. नाव देण्याची प्रक्रिया दोन्हीकडे एकच आहे.

२. व्याकरणाची साक्ष

आता शब्दाकडे वळू. ‘कुमुद’ हे फूल. त्याला ‘इन्’ प्रत्यय लागून व स्त्रीलिंगी रूप होऊन ‘कुमुदिनी’ झाले. ‘धन’ पासून ‘धनी’ व ‘धनिनी’ होते त्याप्रमाणे ‘कुमुदिनी’ म्हणजे ‘कुमुदे असलेली’. प्रश्न असा की, कुमुदे असलेली कोण?

पाणिनीने याचे उत्तर दिले आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायातील दुसऱ्या पादाचे १३५ वे सूत्र पुष्कर इत्यादी शब्दांना हा प्रत्यय ‘देश’ या अर्थी, म्हणजे स्थळ सांगावयाचे असता, लावण्यास सांगते. त्या गणात पुष्कर, पद्म, उत्पल, कुमुद, बिस, मृणाल असे शब्द येतात. अर्थात पुष्करिणी म्हणजे जेथे पुष्करे आहेत ती जागा, पद्मिनी म्हणजे जेथे पद्मे आहेत ती जागा आणि कुमुदिनी म्हणजे जेथे कुमुदे आहेत ती जागा. याशिवाय चौथ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या ८७ व्या सूत्रात कुमुद, नड व वेतस या तीन शब्दांपासून स्थलवाचक शब्द बनविण्याचा आणखी एक प्रकार सांगितला असून ‘कुमुद्वत्’, स्त्रीलिंगी ‘कुमुद्वती’, हे रूप त्याने सिद्ध होते. एवढ्या काटकसरी ग्रंथात कुमुदांच्या जागेसाठी दोन तरतुदी असाव्यात, यावरून असे शब्द त्या काळी व्यवहारात रुळलेले होते असे मानावयास हरकत नाही.

या दृष्टीने पाहता ‘कुमुदिनी तळे’ हे नाव द्विरुक्त ठरते. कुमुदिनी म्हणजेच कुमुदांचे तळे. त्यापुढे पुन्हा ‘तळे’ म्हणण्याची गरज मूळ अर्थाने नव्हती. ती निर्माण झाली याचाच अर्थ असा की, मधल्या काळात कुमुदिनी या शब्दातील स्थळाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या मनातून नाहीसा झाला होता.

३. कोशाची साक्ष

हा बदल मध्यावर असताना कसा दिसतो, हे अमरकोशाच्या वारिवर्गात पाहावयास मिळते. अमरसिंह कुवलय व उत्पल हे शब्द सामान्य नावे म्हणून देतो. निळ्याला इंदीवर व पांढऱ्याला कुमुद आणि कैरव म्हणतो. या सर्वांच्या कंदाला शालूक हे नाव सांगतो. त्यानंतर कुमुद्वती व कुमुदिनी हे पर्याय तो एकत्र ठेवतो आणि पुढे नलिनी, बिसिनी, पद्मिनी यांचा निराळा गट करतो. येथे कुमुदिनी म्हणजे फूल नव्हे, हे उघड आहे. फुलाची नावे आधीच येऊन गेली आहेत. ती कुमुदांची वेल किंवा कुमुदांनी भरलेला जलाशय होय. वेल आणि जलाशय यांतील सीमारेषा मात्र पुसट झालेली दिसते. आणि ते स्वाभाविक आहे. तळे पानांनी पूर्ण झाकले गेले म्हणजे ‘कुमुदे असलेली’ ती कोण, पाण्याची जागा की पाण्यावरची वेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या दृष्टीने उरतच नाही.

या वर्गातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अमराने उत्पलांचा गट आणि पद्मांचा गट वेगळा ठेवला आहे, एवढेच नव्हे तर त्यांच्या अवयवांची नावेही वेगळी दिली आहेत. उत्पलांचा कंद तो शालूक. पद्माचा कंद तो करहाट. पद्माच्या बीजकोशाला वराटक असे स्वतंत्र नाव आहे. लिनीअसने जे दोन गट एका प्रजातीत घातले, ते अमराने शब्दांत वेगळे राखले होते. यावरून अमरसिंहाला वनस्पतींच्या उत्क्रांतीचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. खरे कारण साधे आहे: ज्या समाजात एका वनस्पतीचा कंद व दुसऱ्या वनस्पतीचे बी खाल्ले जाते आणि पूजेस निरनिराळी फुले लागतात, त्या समाजाची भाषा हे भेद राखते. शब्दांतील भेद हे उपयोगातील भेदांचे अवशेष असतात.

(साताऱ्यातीलच कऱ्हाड या गावाचे ‘करहाटक’ हे प्राचीन नाव येथे कोणासही आठवेल. साम्य लक्ष वेधणारे आहे. परंतु केवळ साम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा येथेही लागू आहे.)

४. चंद्राची प्रेयसी आणि सकाळचे फूल

कुमुदिनी हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे काव्यात त्याला एक निराळे आयुष्य लाभले. पद्मिनी सूर्याची प्रिया झाली, कुमुदिनी चंद्राची. चंद्राला ‘कुमुदिनीपती’ हे नाव मिळाले. व्याकरणातील लिंगाने कविसंकेत घडविला, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. नपुंसकलिंगी कुमुदाला चंद्राची विरहिणी होणे कठीण होते.

या संकेताच्या मुळाशी अचूक निरीक्षण आहे. पांढऱ्या फुलांची, रात्री फुलणारी उत्पले आपल्या देशात सर्वत्र आढळतात. त्यांचे फूल संध्याकाळनंतर उमलते, रात्रभर उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी ऊन वाढू लागले की मिटते. निळे उत्पल याच्या उलट, दिवसा उमलणारे आहे. तेव्हा पांढऱ्या कुमुदाचा संबंध चंद्राशी जोडणारे कवी कल्पनेच्या भराऱ्या मारीत नव्हते. त्यांनी तळे पाहिलेले होते.

कासच्या तळ्यातील निम्फॉइडिसचा क्रम मात्र वेगळा आहे. त्याचे प्रत्येक फूल सकाळी उमलते, त्याच दिवशी मावळते आणि पुन्हा उघडत नाही. दुसऱ्या दिवशी दिसतात ती नवी फुले होत. म्हणून ‘कुमुदिनी’ या नावावर विश्वास ठेवून जो चांदण्यात तळ्यावर जाईल त्याला केवळ पाने दिसतील. या तळ्याला भेट देण्याची वेळ सकाळची आहे. कवींचा संकेत खोटा नाही आणि तळेही खोटे नाही. नाव एका फुलाचे आणि फूल दुसरे, एवढाच हा प्रकार आहे.

५. तत्सम रूप काय सांगते?

हे नाव लोकांच्या तोंडून परंपरेने आले की ग्रंथांतून आले, हे ठरविण्यास शब्दाचे रूपच पुरेसे आहे. दोन स्वरांमधील ‘द’ प्राकृतात टिकत नाही. कुमुदचे कुमुअ, कुमुदिनीचे कुमुइणी अशी रूपे होतात. हिंदीत उत्पलाला कुईं किंवा कोईं म्हणतात, ते याच परंपरेतील मानले जाते. गुजरातीतील पोयणुं, पोयणी हे शब्द त्याचप्रमाणे पद्मिनीच्या प्राकृत रूपाकडे नेता येतात. मराठीतील ‘कुमुदिनी’ मात्र आपल्या सर्व व्यंजनांसह संस्कृतातल्यासारखाच उभा आहे. शतकानुशतके बोलण्यात घासला गेलेला शब्द असा राहत नाही. म्हणजे हे नाव सुशिक्षितांच्या भाषेतून, काव्याच्या व मुलींच्या नावांच्या परिचयातून, तळ्याला लाभलेले आहे. नलिनी, पद्मिनी, सरोजिनी, कमलिनी व कुमुदिनी ही सारी मुळात जलाशयांची किंवा वेलींची नावे आज मराठी घरांत स्त्रियांची नावे आहेत, आणि त्यांचा अर्थ विचारला तर बहुतेक जण ‘कमळ’ असाच सांगतील.

या कुटुंबातील एकाच शब्दाने आपला स्थळाचा अर्थ सोडला नाही. तो म्हणजे पुष्करिणी. देवालयाजवळच्या पायऱ्यांच्या तळ्याला आजही पुष्करिणी म्हणतात, मग त्यात एकही कमळ नसो. परभणी जिल्ह्यातील पोखर्णी या गावाच्या नावात आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळणाऱ्या पोखरी या ग्रामनामात तोच शब्द झिजलेल्या रूपात असावा, हे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांना धरून आहे. एकाच सूत्राने सिद्ध झालेल्या दोन शब्दांचे भाग्य किती वेगळे! पुष्करिणीने फूल टाकून तळे राखले. कुमुदिनीने तळे टाकून फूल राखले.

लोकभाषेत दरम्यान आणखी एक प्रवृत्ती बळावली: ‘कमळ’ हा शब्द विशिष्ट वनस्पतीचे नाव न राहता मोठ्या व मानाच्या फुलाचे सामान्यनाम झाला. मराठीत कृष्णकमळ म्हणजे एक बागेतील वेल. तिचा पाण्याशी संबंध नाही. घरोघरी कुंडीत रात्री फुलणारे ब्रह्मकमळ हे अमेरिका खंडातून आलेले निवडुंग आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ ही सर्वस्वी वेगळी वनस्पती होय. जुन्या वनस्पतिसूचींत निळ्या उत्पलाचे मराठी नाव ‘उपल्या कमळ’ असे दिलेले आढळते. त्यातील ‘उपल्या’ हा उत्पलचाच अवशेष दिसतो. उत्पल म्हणजे काय, हे विसरले गेले तेव्हा अर्थ कळावा म्हणून पुढे ‘कमळ’ जोडले गेले. ‘कुमुदिनी तळे’ या नावात जे घडले त्याचीच ही दुसरी आवृत्ती आहे: जुना शब्द अर्थाने रिकामा झाला की भाषा त्याला एक नवा सोबती देते.

६. क्षेत्रकार्यासाठी काही सूचना

आतापर्यंतचे विवेचन एका प्रसिद्ध तळ्याच्या ग्रांथिक नावाचे झाले. ज्यांची नावे ग्रंथांत नाहीत अशा तळ्यांकडे वळल्याशिवाय ते पुरे होणार नाही. उदाहरण म्हणून उत्तर कोकणातील पालघर, बोईसर, तारापूर ही किनारपट्टी घेता येईल. पाम व त्याच्या आसपासच्या गावांचा हा परिसर भाषादृष्ट्या अत्यंत समृद्ध आहे. वाडवळी, मांगेली, वारली, कातकरी अशा बोली येथे शेजारी नांदतात आणि उत्तरेस गुजरातीचा प्रदेश लागतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील अशा अनेक बोलींचे नमुने छापलेले आहेत. परंतु ते नमुने मुख्यतः एका ठराविक कथेच्या भाषांतराचे आहेत, आणि तुलनेसाठी वापरलेल्या शब्दयादीत पाणवनस्पतींना स्थान नव्हते. व्याकरणाची रूपरेषा त्यातून मिळते. तळ्यातील शब्दसृष्टी मिळत नाही.

दरम्यान या पट्टीचे रूप पालटले आहे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वस्ती वाढली म्हणजे गावतळ्यांचा उपयोग पालटतो: कोठे ती बुजतात, कोठे त्यांना दगडी काठ बांधले जातात. काठाचा उथळ चिखल गेला की त्यात रुजणाऱ्या उत्पलांना थारा उरत नाही. वस्तू गेल्यावर शब्द एक पिढी टिकतो. पुढच्या पिढीस त्याचा केवळ उच्चार ठाऊक असतो आणि तिसऱ्या पिढीस तोही नसतो. म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

ते करताना चार गोष्टींचे अवधान ठेवावे.

पहिली, प्रश्न तळ्याच्या काठावर विचारावा. चित्र दाखवून विचारले असता निवेदक बहुधा पाहुण्यास समजेल असा, शाळेतील पुस्तकाचा शब्द देतो. तो शब्द ‘कमळ’ असतो, आणि आपण समाधानाने तो टिपून घेतो. यात निवेदकाचा दोष नाही. पाहुण्याची सोय पाहण्याचे ते सौजन्य आहे.

दुसरी, फूल, पान, देठ, कंद, बी आणि संपूर्ण वेल यांची नावे वेगवेगळी विचारावीत. शिवाय अशा वनस्पतींनी भरलेल्या जागेला काही नाव आहे काय, हेही विचारावे. पाणिनीच्या सूत्राचा व्यावहारिक उपयोग येथे आहे: जागेचे नाव असू शकते हे ज्यास ठाऊक नाही तो ते विचारणारच नाही.

तिसरी, नावाबरोबर उपयोग व वेळ नोंदवावी: काय खातात, काय विकतात, कोणत्या पूजेस काय चालते, फूल सकाळी उमलते की रात्री. गणेशोत्सवाच्या दिवसांत फुलबाजारात कमळ म्हणून मिळणारी फुले पुष्कळदा उत्पलेच असतात. ती काढणाऱ्याच्या बोलीत त्यांचे नाव काय आणि विकताना तो कोणता शब्द वापरतो, हा भेद विशेष मोलाचा आहे. एकाच मनुष्याच्या तोंडी दोन शब्द असतात, आणि त्यांतील एक बाजारासाठी असतो.

चौथी, वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून पटवून घ्यावी. पानाचा व फुलाचा नमुना न ठेवता केलेली नोंद कोशास निरुपयोगी ठरते. कारण आपण पाहिले त्याप्रमाणे, पाण्यावरचे साम्य शास्त्रज्ञांनाही चकवीत आले आहे.

उपसंहार

कासच्या तळ्याचे नाव चुकीचे आहे, असे या विवेचनावरून कोणी म्हणू नये. शब्दाचा मूळ अर्थ हा त्याचा एकमेव खरा अर्थ नव्हे. तसे मानले तर भाषेतील अर्ध्याहून अधिक शब्द चुकीचे ठरतील. आज मराठी भाषकांच्या समजुतीने कासच्या तळ्यातील ते झालरीचे पांढरे फूल कुमुदिनी आहे, आणि तेवढ्याने ते कुमुदिनी आहे. भाषाभ्यासकाचे काम नाव दुरुस्त करण्याचे नसून, ते कोणत्या मार्गाने तेथवर आले हे दाखविण्याचे आहे.

मात्र ज्या वाटेने ‘कुमुदिनी’ साताऱ्याच्या पठारावर पोहोचली त्या वाटेवर पाणिनी आणि अमरसिंह उभे होते. म्हणून आपल्याला ती दिसली. पालघरच्या गावतळ्यांतील नावांसाठी असा कोणताही साक्षीदार नाही. त्यांची पहिली नोंद होईल ती आपल्यापैकीच कोणाच्या तरी वहीत, आणि ती पाऊस सरून तळी भरलेली असताना, सकाळी व रात्री अशा दोन्ही वेळी काठावर जाऊन करावी लागेल.